जुन्या मोटारींमधलं बॅटरी इग्निशन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बाबांची जुनी गाडी अजून आमच्या दारात उभी आहे. बारा व्होल्टची, पॉइंटवाली. बॉनेट उघडलं की शेजारची मुलं जमतात आणि प्रश्न सुरू होतात : ही डबी कसली, ही जाड वायर कुठे जाते, पूर्वी काय होतं, त्याच्याही आधी काय होतं? असं मागे जात जात गाडी १९१० ला, १८९५ ला आणि शेवटी १८८६ ला पोचते. पुन्हा पुन्हा विचारले गेलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवा : सुरुवातीच्या मोटारींमधली बॅटरी फार दुबळी होती. पुढे जे जे शोध लागले, त्यातले बरेचसे तिला जपण्याच्या धडपडीतूनच लागले.

बॅटरी इग्निशन म्हणजे नेमकं काय?

पेट्रोल इंजिनात दाबलेलं पेट्रोल-हवेचं मिश्रण ठरलेल्या क्षणी पेटवावं लागतं. त्या ठिणगीची वीज बॅटरीतून घेतली तर ते बॅटरी इग्निशन. इंजिनाच्या फिरण्यातून, कायम चुंबकाच्या मदतीने तिथल्या तिथे तयार केली तर तो मॅग्नेटो. बॅटरीच्या पद्धतीत स्विच, कॉइल, पॉइंट (उघडमीट होणारे धातूचे दोन संपर्क), कंडेन्सर, डिस्ट्रिब्युटर आणि जिथे ठिणगी पडते तो प्लग ही मंडळी ओळीने येतात.

सहा व्होल्टच्या बॅटरीतून हजारो व्होल्टची ठिणगी कशी पडते?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि बहुतेकांचा गैरसमजही इथेच असतो. लोकांना वाटतं, वीज जोडली की ठिणगी पडते. प्रत्यक्षात ती वीज तोडली की पडते.

कॉइलमध्ये मऊ लोखंडाचा गाभा असतो. त्यावर जाड तारेचे काहीशे वेढे असतात, त्याला प्रायमरी म्हणतात. शिवाय केसासारख्या बारीक तारेचे हजारो वेढे असतात, ती सेकंडरी. पॉइंट मिटलेले असताना प्रायमरीतून करंट वाहतो आणि गाभ्यात चुंबकत्व साठत जातं. याला वेळ लागतो, काही मिलिसेकंद. मग इंजिनाबरोबर फिरणाऱ्या कॅमचा उंचवटा येतो, पॉइंट उघडतात, करंट एकदम थांबतो आणि साठलेलं चुंबकीय क्षेत्र कोसळतं. ते जितक्या झटक्यात कोसळेल तितका विजेचा दाब, म्हणजे व्होल्टेज, जास्त. त्या क्षणी प्रायमरीतच दोनशे-तीनशे व्होल्ट उठतात. सेकंडरीत वेढे साठ ते शंभर पट असतात, म्हणून तिथे दहा-वीस हजार व्होल्टपर्यंत मजल जाते. प्लगच्या अर्धा-पाऊण मिलिमीटरच्या फटीतून उडी मारायला तेवढं पुरतं.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर संध्याकाळी अंधार पडल्यावर डिस्ट्रिब्युटरची टोपी काढा. कॉइलची जाड वायर कोरड्या लाकडी चिमट्याने धरून इंजिनाच्या धातूपासून पाच-सहा मिलिमीटरवर ठेवा. स्विच चालू करून दुसऱ्या कोणाला मुठीला रबर असलेल्या स्क्रू-ड्रायव्हरने मिटलेले पॉइंट हलकेच उघडायला सांगा. मिटताना शांतता असते. उघडताना टक्कन निळी ठिणगी पडते. आमच्याकडे हे बघितलेल्या एकाही मुलाला कॉइलचं काम पुन्हा समजावून सांगावं लागलेलं नाही.

ही कल्पना मोटारीपेक्षा बरीच जुनी आहे. फॅरडेने १८३१ मध्ये प्रवर्तनाचा नियम शोधला, आयर्लंडमधल्या मेनूथच्या निकोलस कॅलन या धर्मगुरू-प्राध्यापकाने १८३६ मध्ये अशी कॉइल बांधली, आणि पॅरिसच्या रुमकॉर्फने १८५१ पासून ती इतकी सुधारली की तिला त्याचंच नाव पडलं.

मग कंडेन्सर कशाला?

पॉइंट उघडताना वाहता करंट असा सहजासहजी थांबत नाही. तो उघडणाऱ्या फटीतूनच ठिणगीच्या रूपाने पुढे रेटतो. त्यामुळे दोन नुकसानं होतात : पॉइंट जळतात, आणि क्षेत्र झटकन कोसळायच्या ऐवजी रेंगाळत कोसळतं, म्हणजे प्लगवरची ठिणगी मरतुकडी होते. पॉइंटला समांतर कंडेन्सर जोडला की तो लोंढा पहिल्या क्षणी त्यात शिरतो, तोवर पॉइंट पुरेसे लांब गेलेले असतात. फ्रेंच शास्त्रज्ञ फिझो याने १८५३ मध्ये हे सुचवलं. जुन्या गाड्यांचा कंडेन्सर म्हणजे धातूच्या पातळ वर्खाचे आणि मेण लावलेल्या कागदाचे एकाआड एक थर. इतकी साधी वस्तू, पण ती गेली की सगळा खेळ संपतो.

एकदा आंबा घाटात चढावर आमची गाडी मिसिंग करायला लागली. आधी झटके, मग सायलेन्सरमधून फटाके, मग बंद. टोपी काढून बघितलं तर पॉइंट काळेनिळे पडले होते, एकावर खड्डा आणि समोरच्यावर तेवढाच उंचवटा. बाबांनी डिकीतल्या बिस्किटाच्या डब्यातून एक जुना, घासून ठेवलेला कंडेन्सर काढला, पॉइंटवरून पॉलिश पेपर फिरवला आणि दहा मिनिटांत गाडी घाट चढू लागली. निकामी झालेला कंडेन्सर सहाच महिन्यांपूर्वी नवीन म्हणून घेतलेला होता. तेव्हापासून चालू स्थितीतला जुना कंडेन्सर मी कधी फेकत नाही.

मोटारीत बॅटरी इग्निशन सगळ्यात आधी कोणी वापरलं?

मोटारीच्या आधी गॅस इंजिनात लेन्वारने, १८६० मध्ये, पॅरिसमध्ये. रुमकॉर्फ कॉइल आणि बुन्सेनच्या घटांची बॅटरी, अशी त्याची मांडणी होती. रस्त्यावरच्या गाडीत मान कार्ल बेंझचा. २९ जानेवारी १८८६ ला त्याने पेटंटचा अर्ज केला त्या तीनचाकीत ९५४ घन सेंटिमीटरचं एकच सिलिंडर होतं, मिनिटाला सुमारे ४०० फेऱ्या, आणि पाऊण अश्वशक्ती. ठिणगीसाठी बॅटरी आणि थरथरती, म्हणजे ट्रेंबलर, कॉइल (ती कशी चालते ते पुढे येतंच). इग्निशन हीच सगळ्यात अवघड अडचण आहे, असं बेंझचं मत होतं, आणि त्याच्या काळातल्या बहुतेक इंजिनकारांनी त्याला दुजोराच दिला असता.

१८८८ च्या ऑगस्टमध्ये त्याची पत्नी बेर्टा दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला गेली, शंभर किलोमीटरहून जास्त. वाटेत इग्निशनच्या तारेवरचं आवरण घासून गेलं आणि तिने पायमोज्याचा पट्टा गुंडाळून ती तार झाकली, अशी हकीकत बेंझ कुटुंबातून चालत आली आहे. मोटारीच्या पहिल्या लांब प्रवासातच वायर शॉर्ट झाली आणि जागच्या जागी दुरुस्तही झाली, हे मला त्या प्रवासातलं सर्वांत जिव्हाळ्याचं वाटतं.

विजेची एवढी कटकट होती तर दुसरा सोपा उपाय नव्हता का?

होता. डाइमलर आणि मायबाख यांनी तापलेल्या नळीची पद्धत वापरली. सिलिंडरच्या डोक्यातून एक छोटी नळी बाहेर काढायची, ती बर्नरने लाल तापवायची, मिश्रण दाबलं गेलं की नळीत शिरून पेटतं. ना बॅटरी, ना कॉइल. पण वाऱ्याने बर्नर विझायचा, पेट्रोलच्या टाकीजवळ उघडी ज्योत असायची, आणि मुख्य म्हणजे पेटण्याची वेळ चालकाच्या हातात नसायची. इंजिनाचा वेग बदलेल तशी ती वेळ बदलता आली पाहिजे, आणि ते फक्त विजेला जमतं.

दे दिऑं-बूतों या फ्रेंच कंपनीचं नाव सारखं का येतं?

कारण १८९५ च्या सुमाराला जॉर्ज बूतोंने बनवलेलं त्यांचं छोटं एक-सिलिंडर इंजिन मिनिटाला १५०० फेऱ्या आणि त्याहून जास्त सहज फिरायचं. त्या वेगाला नळी किंवा थरथरती कॉइल पुरी पडली नसती. बूतोंने थरथरणारी पट्टी कॉइलवरून काढली आणि तोडजोडीचं काम इंजिनाकडे दिलं. कॅमवर एक खाच, तिच्यावर टेकलेली स्प्रिंगची पट्टी. खाच आली की पट्टी आत पडते, समोरच्या स्क्रूला टेकते, आणि सुटते. एका स्फोटाला मोजकाच संपर्क, इंजिनाच्या तालावर. आजच्या पॉइंटचा खरा पूर्वज मी इथेच मानतो. एका चार्जमध्ये बॅटरी लांब पुरू लागली, आणि हलक्या तीनचाकींनी युरोपचे रस्ते भरून गेले.

ट्रेंबलर कॉइल म्हणजे तीच ‘गुणगुणणारी’ कॉइल ना?

हो, तीच. दारावरची विजेची घंटा आठवा. गाभ्यात चुंबकत्व आलं की तो पट्टी ओढतो, पट्टी ओढली की करंट तुटतो, तुटला की पट्टी परत येते. सेकंदाला शंभरावर वेळा हे चालतं आणि दर वेळी एक ठिणगी, म्हणजे प्लगवर ठिणग्यांचा वर्षाव. हळू चालणाऱ्या इंजिनाला आणि थंडीत सुरू करताना हे वरदानच होतं. पण पट्टीला हलायला वेळ लागतो, आणि वेग वाढला की त्या उशिराने टायमिंग बिघडतं. शिवाय एका स्फोटाला एकच ठिणगी कामाची, बाकीच्या ठिणग्या म्हणजे बॅटरीची उधळपट्टी.

सगळ्यांच्या ओळखीचं उदाहरण फोर्डच्या मॉडेल टी चं. १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटींच्या आसपास गाड्या, आणि प्रत्येकीत चार सिलिंडरना चार वेगळ्या लाकडी पेटीतल्या कॉइली. स्विचवर दोन खुणा, एक बॅटरीची, एक मॅग्नेटोची. बॅटरीवर सुरू करायचं आणि गाडी चालू लागली की मॅग्नेटोवर न्यायचं. तो मॅग्नेटो फ्लायव्हीललाच जोडलेला, त्याला १६ चुंबक. चार पट्ट्यांचा ताण एकसारखा नसेल तर इंजिन लंगडतं. जाणकार माणूस नुसत्या गुणगुणीवरून कुठली कॉइल ढिली आहे ते सांगायचा.

त्या काळी बॅटरी कसली असायची?

दोन प्रकार. अमेरिकेत जास्त चालायचे ते कोरडे घट. भल्यामोठ्या टॉर्चच्या सेलसारखे, दीड व्होल्टचे, चार किंवा अधिक ओळीने जोडलेले. संपले की फेकायचे. फ्रान्स-इंग्लंडमध्ये शिशाच्या पत्र्यांचे, आम्लाचे ॲक्युम्युलेटर. दोन कप्प्यांचा, चार व्होल्टचा संच सीटखालच्या पेटीत ठेवायचे आणि चार्जिंगला घरी किंवा गॅरेजात काढून न्यायचे. गाडीत चार्ज करणारा डायनामो नव्हता हे विसरू नका. म्हणून शहाणा चालक दोन संच बाळगायचा, एक चालू, एक राखीव, आणि डॅशबोर्डवर बदलायचा स्विच.

मॅग्नेटो एवढा चांगला होता तर बॅटरी टिकली कशी?

मॅग्नेटो खरंच चांगला होता. बॉशच्या कारखान्यात गॉटलोब होनोल्डने १९०२ मध्ये उच्च दाबाचा मॅग्नेटो उभा केला आणि युरोपातल्या चांगल्या गाड्यांनी तो उचलला. बॅटरी नको, चार्जिंग नको, आणि वेग वाढेल तशी ठिणगी तेज. पण त्याची दुखरी बाजूही हीच होती. हँडल मारताना इंजिन जेमतेम फिरत असतं, आणि नेमक्या त्याच वेळी मॅग्नेटोची ठिणगी सगळ्यात कमजोर. बॅटरीचं उलट : हळू फिरताना तिची ठिणगी सगळ्यात दमदार. म्हणून बरेच कारखाने दोन्ही बसवायचे. बॅटरीने सुरू करा, मॅग्नेटोने चालवा.

केटरिंगने काय वेगळं केलं?

चार्ल्स केटरिंग हा ओहायोतल्या डेटन गावच्या कॅश रजिस्टरच्या कारखान्यातला इंजिनिअर. रजिस्टरचा खण विजेच्या मोटरने उघडायचं काम त्याने केलं होतं, त्यामुळे थोड्या विजेत नेमका एकच झटका कसा द्यायचा हे त्याला पक्कं ठाऊक होतं. एडवर्ड डीड्स या सहकाऱ्याच्या घरामागच्या कोठारात, नोकरीच्या वेळेनंतर, तो आणि त्याचे मित्र इग्निशनवर बसले.

त्यांची किमया एका छोट्या रिलेत होती. टायमरने संपर्क जोडला की रिले प्रायमरीचा करंट एकदाच तोडतो, आणि दुसरं एक वेटोळं त्या पट्टीला तशीच धरून ठेवतं. पुन्हा थरथर नाही. एका स्फोटाला एकच ठिणगी, पण नेमक्या क्षणी आणि जोरकस. कोरड्या घटांचं आयुष्य कित्येक पटींनी वाढलं. कॅडिलॅकचे हेन्री लेलँड यांना ते इतकं पटलं की १९०९ मध्ये त्यांनी ८००० संचांची मागणी दिली. कोठारातल्या मंडळींकडे तेव्हा कारखानाही नव्हता. त्यातून डेटन इंजिनिअरिंग लॅबोरेटरीज कंपनी निघाली, आणि तिच्या आद्याक्षरांवरून डेल्को हे नाव. स्पेनमध्ये आणि फ्रान्समध्ये आजही डिस्ट्रिब्युटरला सरळ ‘डेल्को’ म्हणतात.

त्याच सुमाराला फिलाडेल्फियात ॲटवॉटर केंट यानेही हाच प्रश्न सोडवला, पण विजेशिवाय, निव्वळ यंत्राने. खाचा असलेला दांडा एका छोट्या आकड्याला ओढतो, स्प्रिंग त्याला फटकन परत खेचते, आणि परत येताना तो पॉइंटला क्षणभर टिचकी मारतो. इंजिन हळू फिरो की जोरात, टिचकीची लांबी तेवढीच. घड्याळजीला आवडेल असं काम आहे. अभ्यासकांना डेल्को जास्त माहीत असतं, मला व्यक्तिशः केंटची रचना अधिक सुंदर वाटते.

सेल्फ स्टार्टरचा इग्निशनशी काय संबंध?

फार जवळचा. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये केटरिंगने स्टार्टर, दिवे आणि इग्निशन एकाच विद्युतसंचात बांधले. स्टार्टरसाठी बॅटरीचे भाग ओळीने जोडून २४ व्होल्ट, चार्जिंगला समांतर जोडून ६ व्होल्ट. इंजिन चालू झालं की तेच यंत्र डायनामो बनून बॅटरी भरायचं. दुबळ्या बॅटरीचा प्रश्न इथे कायमचा मिटला. आता करंट वाचवायचं कारणच उरलं नाही, तेव्हा रिले आणि आकडे हळूहळू गेले. राहिला तो साधा कॅम, साधे पॉइंट आणि एक कॉइल. स्टार्टरसाठी बॅटरी आणि डायनामो गाडीत घ्यावेच लागतात, मग वर मॅग्नेटोचा खर्च कशाला, असा हिशोब अमेरिकेने लगेच केला. युरोपला त्यासाठी आणखी दहा-पंधरा वर्षं लागली. मॅग्नेटोवर मोठा झालेला बॉशही १९२० च्या दशकाच्या मध्याला बॅटरी इग्निशन विकू लागला.

एकच कॉइल चार-सहा सिलिंडर कशी सांभाळते?

डिस्ट्रिब्युटरमुळे. कॅमच्याच दांड्यावर रोटर असतो. तो क्रँकच्या, म्हणजे पिस्टन फिरवतात त्या इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या, निम्म्या वेगाने फिरतो आणि प्रत्येक ठिणगी टोपीतल्या योग्य खुंटीकडे पाठवतो. मर्यादा वेळेची येते. चार सिलिंडर, मिनिटाला ४००० फेऱ्या म्हणजे सेकंदाला १३३ ठिणग्या. एका ठिणगीच्या वाट्याला साडेसात मिलिसेकंद, त्यातले पॉइंट मिटलेले जेमतेम साडेचार. तेवढ्यात कॉइल पुरती भरत नाही, म्हणून फार जास्त वेगात ठिणगी ढिली पडते.

जुन्या गाडीच्या स्टिअरिंगवर ती छोटी कांडी कशाची?

टायमिंगची. मिश्रण पेटून दाब वाढायला साधारण दोन-तीन मिलिसेकंद लागतात. ५०० फेऱ्यांना क्रँक एका मिलिसेकंदात ३ अंश फिरतो, २००० फेऱ्यांना १२ अंश. म्हणून वेग वाढेल तशी ठिणगी आधी पाडावी लागते, आणि हे काम चालक हाताने करायचा. इंजिनाचा आवाज ऐकत, चढावर कांडी मागे, सपाटीवर पुढे. हँडल मारताना ती मागे घ्यायची राहिली तर पिस्टन वर पोचायच्या आधीच स्फोट व्हायचा, हँडल उलटं फिरायचं आणि मनगट किंवा हात मोडायचा. म्हणूनच जुने ड्रायव्हर हँडलला अंगठा न लपेटता धरायला शिकवायचे. आमच्या मिस्त्रींनी मला तसंच शिकवलं, आणि मी आजही तसंच धरतो. पुढे वजनं आणि स्प्रिंगांनी ही वेळ आपोआप पुढेमागे व्हायला लागली आणि कांडी गेली.

इग्निशन चालू ठेवून गाडी तशीच उभी राहिली तर?

पॉइंट मिटलेल्या जागी इंजिन थांबलं असेल तर कॉइलमधून सतत करंट वाहतो. कॉइल तापते, बॅटरी उतरते. म्हणून जुन्या संचांमध्ये कॉइलच्या ओळीत एक रोधक तार असायची. ती तापली की तिचा अडथळा वाढतो आणि कॉइल वाचते.

या इतिहासाचा महाराष्ट्राशी काही धागा आहे का?

आहे, आणि छान आहे. १९०८ मध्ये मुंबई ते कोल्हापूर अशी मोटारींची ६२० मैलांची चाचणी झाली, घाटांसकट. तीत ‘पर्ल ऑफ द ईस्ट’ नावाने ओळखली जाणारी रोल्स-रॉइसची सिल्व्हर घोस्ट धावली आणि पुढे ती ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांकडे गेली. सिल्व्हर घोस्टच्या सहा सिलिंडरना इग्निशनच्या दोन स्वतंत्र व्यवस्था होत्या : एक मॅग्नेटो, एक ॲक्युम्युलेटरवरची ट्रेंबलर कॉइल, आणि प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग. गरम इंजिन बंद केल्यावर एखाद्या सिलिंडरमध्ये मिश्रण दाबलेलं राहिलं असेल तर हँडलला हात न लावता नुसत्या स्विचने ट्रेंबलरची ठिणगी पाडून इंजिन सुरू व्हायचं. उभ्या इंजिनात ठिणगी पाडणं मॅग्नेटोला शक्यच नाही.

पॉइंटची पद्धत कधी गेली?

१९६० च्या दशकात ट्रान्झिस्टर आले, १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या नव्या गाड्यांतून पॉइंट जाऊ लागले. आपल्याकडे पेट्रोलच्या पद्मिनीत ते कितीतरी उशिरापर्यंत राहिले. मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर उतरल्या.

माझ्याकडे पॉइंटवाली गाडी आहे. स्वतः काय बघू?

बॅटरी काढून टोपी उघडा. इंजिन हळू फिरवून कॅमच्या उंच टोकावर पॉइंट पूर्ण उघडतील असं आणा आणि फिलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पाती, घाला. बहुतेक जुन्या गाड्यांना ०.४ ते ०.५ मिलिमीटर लागतं, पण तुमच्या गाडीच्या पुस्तकातला आकडाच खरा. पाती किंचित अडखळत सरकली पाहिजे, ढकलावी लागता कामा नये. कॅमवर टेकणारा फायबरचा ठोकळा घासला की फट आपोआप कमी होते, म्हणून कॅमला ग्रीसचं बोट, अगदी पुसटसं. अंतर लावल्यावर मिटलेल्या पॉइंटमध्ये कोऱ्या पोस्टकार्डाची पट्टी धरून ओढा. पट्टीवर काळा किंवा तेलकट डाग आला तर पुन्हा नवी पट्टी, पुन्हा ओढायची, कोरी बाहेर येईपर्यंत. मग टोपी लावा, बॅटरी जोडा आणि किल्ली फिरवा.